‘किक’ : एकच शब्द, किती अर्थ? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम तापतो आणि ‘किक’ हा शब्द पेठापेठांत दिवसभर कानावर पडतो. तोच शब्द गॅरेजात वेगळा, दवाखान्यात वेगळा आणि इंग्रजीच्या पेपरात आणखी वेगळा भेटतो. इंग्रजी शिकणारी मुलं, त्यांचे आईवडील आणि मैदानावरचे मित्र मला पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे उत्तरांसह एकत्र केलं आहे. अर्थांची यादी पाठ करण्यापेक्षा प्रत्येक अर्थ ज्या प्रसंगात घडतो तो प्रसंग डोळ्यांसमोर आणा. यातले बहुतेक प्रसंग आपल्या गावात रोज घडतात.

‘किक’ म्हणजे लाथच ना? मग इतका गोंधळ कशाला?

लाथच, पण तेवढीच नाही. पायाने जोरात दिलेला तडाखा हा मूळ अर्थ. त्याला दोन बाजू आहेत आणि पुढचे सगळे अर्थ त्यांतूनच निघतात. पहिली बाजू म्हणजे थांबलेली गोष्ट एका तडाख्याने हलते. चेंडू हलतो, इंजिन सुरू होतं, समारंभाला सुरुवात होते. दुसरी बाजू म्हणजे ज्याला हात लावायला जावं तेच उलटून मारतं. जनावर लाथ झाडतं, बंदूक खांद्याला धक्का देते, करवत उलटी उसळते. एखादा अनोळखी वाक्प्रचार समोर आला तर ‘इथे काही सुरू होतंय की काही उलटतंय?’ एवढं विचारा. निम्मं काम तिथेच होतं.

हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरांत पराणीला, म्हणजे बैल हाकायच्या टोकदार काठीला, लाथा झाडणाऱ्या बैलाची प्रतिमा आहे. ‘किक अगेन्स्ट द प्रिक्स’ हा वाक्प्रचार तिथला. पराणीची टोच बसली की बैल मागे लाथ मारतो आणि स्वतःलाच आणखी टोचून घेतो. इंग्रजी वर्गात याचा अर्थ सांगायला वेळ लागतो, पण औत धरलेल्या घरातला मुलगा पराणी म्हटल्याबरोबर मान डोलावतो.

मराठीत ‘किक’ स्त्रीलिंगी का? अनेकवचन काय?

‘लाथ’ स्त्रीलिंगी आहे, तिच्याच जागी ‘किक’ येऊन बसली, म्हणून ‘ती किक’. कोल्हापुरात अनेकवचन सर्रास ‘किका’ होतं : “धा किका मारल्या, गाडी हू का चू करंना.” बोलताना हे अगदी बरोबर आहे. परीक्षेत लिहिताना ‘दहा वेळा किक मारली’ असं लिहा.

फुटबॉलच्या नियमात ‘किक’ची व्याख्या आहे का?

आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे मैदानाबाहेर बरेच वाद होतात. नियमांप्रमाणे खेळाडूचं पाऊल किंवा घोटा चेंडूला लागला तरच ती ‘किक’. गुडघा, मांडी, छाती, डोकं यांनी मारलेला चेंडू किक नव्हे.

याचा उपयोग बॅकपासच्या वेळी कळतो. १९९२ पासून असा नियम आहे की सहकाऱ्याने जाणूनबुजून किक मारून दिलेला चेंडू गोलरक्षकाने आपल्या पेनल्टी एरियात (गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीत) हाताने धरला, तर प्रतिस्पर्ध्याला इनडायरेक्ट फ्री किक मिळते. बचावपटूने छातीवर घेऊन किंवा डोक्याने दिलेला चेंडू मात्र गोलरक्षकाने खुशाल उचलावा. गॅलरीतून “बॅकपास, बॅकपास!” असा गिल्ला होतो, रेफ्री खेळ चालू ठेवतात आणि मग रेफ्रींच्या नावाने खडे फोडले जातात. अशा वेळी चेंडू पायाला लागला होता की मांडीला, एवढंच आठवून बघा. अर्थात नियमाला बगल द्यायची म्हणून पायानेच चेंडू उडवून मुद्दाम स्वतःच्या डोक्याने मागे दिला, तर ती चलाखी धरली जाते आणि त्या खेळाडूला पिवळं कार्ड मिळतं.

किक ऑफ, फ्री किक, गोल किक, कॉर्नर किक, पेनल्टी किक यांत फरक काय?

सगळ्या किका मेलेल्या चेंडूवरच्या, म्हणजे खेळ थांबलेला असताना पुन्हा सुरू करण्याच्या.

किक ऑफ मध्यावरून. सामना, दुसरा हाफ आणि प्रत्येक गोलनंतरचा खेळ इथून सुरू होतो. पूर्वी चेंडू पुढेच ढकलावा लागे, २०१६ पासून कुठल्याही दिशेला मारता येतो. म्हणून आता एकच खेळाडू चेंडूपाशी उभा राहून मागे पास देताना दिसतो. जुन्या मंडळींना ते चुकल्यासारखं वाटतं, पण नियमात बसतं.

गोल किक आणि कॉर्नर किक दोन्हींचा उगम एकच. गोल न होता चेंडू गोलरेषेबाहेर गेला आणि शेवटचा स्पर्श हल्ला करणाऱ्याचा असेल तर गोल किक, बचाव करणाऱ्याचा असेल तर कॉर्नर. २०१९ पासून गोल किकचा चेंडू पेनल्टी एरियाबाहेर जाईपर्यंत थांबावं लागत नाही, तो हलला की खेळ सुरू. या दोन्ही किकांवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड (बचावपटूंच्या पुढे जाऊन पास घेण्याचा गुन्हा) नसतो, हेही पुष्कळांना माहीत नसतं. २०२५ पासून कॉर्नरला एक नवी वाट मिळाली : गोलरक्षकाने चेंडू हातात ८ सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर. शेवटचे ५ सेकंद रेफ्री हात वर करून बोटांनी मोजतात. वेळ काढणाऱ्या गोलरक्षकांना हा चांगला चाप बसला आहे.

फ्री किक दोन जातींची. डायरेक्टवर थेट गोल होतो. इनडायरेक्टवर चेंडू आणखी कुणाला तरी लागल्याशिवाय गोल धरत नाहीत. ओळखायची खूण म्हणजे इनडायरेक्टला रेफ्री एक हात सरळ वर धरून ठेवतात. ढकलणं, पाडणं, चेंडू हाताळणं आणि प्रतिस्पर्ध्याला लाथ मारणं किंवा मारायला जाणं हे डायरेक्टचे गुन्हे. म्हणजे खेळाडूला किक मारली तर समोरच्याला चेंडूची किक मिळते!

फ्री किकच्या वेळी वॉल किती लांब आणि कुणी उभं राहायचं?

वॉल म्हणजे चेंडू अडवायला खेळाडूंनी खांद्याला खांदा लावून केलेली भिंत. प्रतिस्पर्धी चेंडूपासून किमान ९.१५ मीटर, म्हणजे १० यार्ड लांब. वॉलमध्ये बचाव करणारे तीन किंवा अधिक असतील तर २०१९ पासून हल्ला करणाऱ्या संघाच्या खेळाडूने त्या वॉलपासून १ मीटर दूर राहायचं. पूर्वी वॉलमध्ये घुसून ढकलाढकली चाले, ती या नियमाने बरीच कमी झाली.

पुढच्या सामन्याला गेलात तर एकदा किक मारणाऱ्याऐवजी त्याच्या टेकत्या पायाकडे बघा. तो चेंडू ठेवतो, हवा भरायचं तोंड आपल्याला हवं तिकडे फिरवतो, तीन-चार पावलं मागे जातो. धावत येताना दुसरा पाय चेंडूच्या शेजारी रोवला जातो आणि त्या पायाचा अंगठा साधारण जिकडे रोखलेला असतो तिकडे चेंडू जायची शक्यता जास्त. अंग मागे झुकलं की चेंडू बारवरून उडतो, गॅलरीतून “आरं खाली दाब की!” अशी आरोळी येते. ती आरोळी शास्त्राला धरूनच असते, कारण चेंडूच्या मध्याखाली पाय बसला की तो वर चढतो. आतल्या बाजूने घासून मारला की चेंडू स्वतःभोवती फिरतो, दोन्ही बाजूंच्या हवेचा दाब सारखा राहत नाही आणि तो वॉलला वळसा घालतो.

पेनल्टी किक आणि टायब्रेकर एकच का?

नाही. पेनल्टी किक सामना चालू असताना मिळते. बचाव करणाऱ्याने आपल्या पेनल्टी एरियात डायरेक्ट फ्री किकचा गुन्हा केला की ११ मीटरवरून, समोर फक्त गोलरक्षक. ही शिक्षा १८९१ मध्ये नियमात आली. सुचवणारे आयर्लंडचे विल्यम मॅकक्रम स्वतः गोलरक्षक होते, याचं मला फार कौतुक वाटतं. किक मारली जाते त्या क्षणी गोलरक्षकाच्या किमान एका पायाचा काही भाग गोलरेषेवर, रेषेच्या वर किंवा मागे असावा लागतो.

आपल्याकडे पेपरात ‘सामना टायब्रेकरवर गेला’ असं येतं ते वेगळं. सामना बरोबरीत सुटल्यावर निकालासाठी दोन्ही संघ पाच-पाच किका मारतात. ही पद्धत नियमात १९७० मध्ये आली. त्यात मारलेला चेंडू गोलरक्षकाने अडवला किंवा पोस्टला लागून परत आला तर पुन्हा मारता येत नाही. सामन्यातल्या पेनल्टीला मात्र गोलरक्षकाने परतवलेल्या चेंडूवर धावून जाऊन गोल करता येतो. हा फरक ऐन सामन्यात विसरणारे खेळाडू दिसतात.

१९७६ च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाच्या आंतोनिन पानेन्का यांनी पश्चिम जर्मनीविरुद्ध शेवटची किक जोरात न मारता चेंडूला हलकेच खालून उचललं. गोलरक्षक आधीच एका बाजूला झेपावला होता, चेंडू मधोमध आत गेला. तेव्हापासून तशा किकेला ‘पानेन्का’च म्हणतात. किक म्हणजे जोरच, असं समजणाऱ्यांना हे आवर्जून सांगावं.

कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ कसे?

तालीम म्हणजे मूळची कुस्तीची जागा. पण इथे तालमीभोवतीच पेठेचं सगळं सार्वजनिक जीवन उभं राहिलं आणि फुटबॉल संघही तालमींच्याच नावाने निघाले : पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब असे संघ. शाहू छत्रपतींच्या घराण्याने कुस्तीइतकाच फुटबॉललाही आधार दिला. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. क्रिकेटने गल्लीबोळ व्यापले असताना एका शहराने फुटबॉल इतका जिवापाड जपावा, याचा मला अभिमान आहे. सामन्यानंतरच्या हाणामाऱ्यांचा मात्र अजिबात नाही. ज्या पायाने किक मारायची तो पाय एखाद्याच्या अंगावर उगारणाऱ्याला तालमीने स्वतःहून बाहेर बसवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुस्तीत किक असते का? आणि कबड्डीत?

कुस्तीत नाही. टांग आहे, ढाक आहे, पायात पाय अडकवून पाडणं आहे, पण लाथ मारणं फाऊल. कबड्डीत मात्र चढाई करणारा पायाने गडी टिपतो. साईड किक, बॅक किक आणि खेचरासारखी मागे झाडलेली म्यूल किक हे तिथले हुकमी डाव. तिथे किक इजा करण्यासाठी नसते, निसटता स्पर्श झाला तरी पुरतो.

पोहण्यातली किक म्हणजे पाय मारणंच ना?

हो, आणि ‘पाय मारणे’ हा शब्द जास्त चांगला आहे. पाठीला डबा बांधून विहिरीत सोडलेल्या पोराला वरून “पाय मार, पाय मार!” असं ओरडतात, तीच किक. फ्रीस्टाइलला पाय आळीपाळीने खालीवर, ब्रेस्टस्ट्रोकला बेडकासारखे, बटरफ्लायला दोन्ही जोडून डॉल्फिनच्या शेपटीसारखे. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्यपदक मिळवलं. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे गुडघ्यातून सायकल मारल्यासारखे पाय मारणं. पाय मांडीपासून हलला पाहिजे, गुडघा थोडाच वाकावा आणि घोटा सैल राहावा.

गाडीची किक मारताना नेमकं काय होतं?

इंजिन स्वतःहून पहिला फेरा घेऊ शकत नाही. पिस्टन खाली आला पाहिजे म्हणजे हवा आणि पेट्रोल आत येईल, वर गेला पाहिजे म्हणजे ते दाबलं जाईल, मग ठिणगी पडून स्फोट होईल आणि पुढचे फेरे आपोआप मिळतील. तो पहिला फेरा पायाने द्यायचा म्हणजे किक. दांडी दाबली की गिअरमधून क्रँकशाफ्ट फिरतो.

जुन्या बुलेटवाल्यांना ही क्रिया पायाच्या तळव्याला माहीत असते. चावी लावायची, किक हळूहळू दाबत जायची, हेडलाइटच्या वरच्या अँमीटरचा, म्हणजे वीजप्रवाह दाखवणाऱ्या तबकडीचा, काटा मध्यावर आला की थांबायचं. पिस्टन आता वरच्या टोकाजवळ आहे. डिकॉम्प्रेशनची, म्हणजे इंजिनातला दाब सोडायची, छोटी दांडी ओढून पिस्टन त्या टोकाच्या किंचित पुढे न्यायचा, दांडी सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग अंगाचा भार टाकून एकच पूर्ण किक. धुडुक-धुडुक! ज्याला हे साधतं त्याला ताकद लागत नाही. ज्याला साधत नाही तो घामाघूम होतो आणि कार्बोरेटरला शिव्या देतो.

जुन्या गाडीच्या जाहिरातीत ‘हाफ किक स्टार्ट’ लिहितात, त्याचा अर्थ इंजिनचा दाब, प्लग आणि कार्बोरेटर ठीक आहेत असा विक्रेत्याचा दावा. तो थंड इंजिनावर तपासा. तुम्ही पोचायच्या आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर हाफ किकला फारसा अर्थ नाही. सायलेन्सरजवळ हात नेऊन बघा, आधीच चालवली असेल तर धग लागेल.

नव्या गाड्यांना किकच नसते, बॅटरी उतरली तर?

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंपाला आणि इंजेक्टरला वीज लागते. बॅटरी पार मेली असेल तर किक असूनही उपयोग होईलच असं नाही. म्हणून बॅटरीकडे लक्ष द्या आणि किक असेल तर आठवड्यातून एकदा वापरा, नाहीतर तिचा शाफ्ट गंजून जाम होतो.

‘किकबॅक’ म्हणजे लाच, असं पेपरात वाचलं. गॅरेजमध्ये वेगळंच ऐकलं. खरं काय?

तिन्ही-चारही अर्थ खरे.

गॅरेजातला : ठिणगी वेळेआधी पडली, म्हणजे पिस्टन अजून वर चढत असताना आणि क्रँक हळू फिरत असताना स्फोट झाला, तर पिस्टन उलटा ढकलला जातो आणि किकची दांडी तळपायावर उलटी बसते. टायमिंग बिघडल्याचं हे लक्षण. घोट्याची, नडगीची दुखापत होऊ शकते, चपलेवर बुलेटला किक मारू नये ती यासाठीच. आपल्या कोल्हापुरीवर तर नकोच.

उद्यमनगरातला : ग्राइंडरची कटिंग डिस्क किंवा गोल करवत मालात चिमटली की पूर्ण हत्यार कारागिराच्या अंगावर उसळतं. याला कारखान्यात किकबॅकच म्हणतात. गार्ड काढून काम करणारी पोरं पाहिली की पोटात गोळा येतो. गार्ड लावा, दोन्ही हातांनी धरा, डिस्कच्या रेषेत तोंड आणू नका.

बंदुकीचा : गोळी पुढे जाते तेव्हा तेवढाच संवेग मागच्या दिशेने बंदुकीला मिळतो. बंदूक गोळीपेक्षा पुष्कळ जड, म्हणून ती हळू मागे येते, पण खांद्याला दणका बसतो. इंग्रजीत यालाही किक म्हणतात.

आणि पेपरातला : ठेका देणाऱ्याला ठेकेदाराने मिळालेल्या पैशातून गुपचूप परत दिलेला वाटा. पैसा पुढे गेला आणि त्यातला काही उलटून मागे आला, म्हणून किकबॅक. आपल्याकडे याला ‘टक्केवारी’ म्हणतात. साध्या लाचेसाठी ‘ब्राइब’ हा शब्द आहे. प्रत्येक किकबॅक लाचच, पण प्रत्येक लाच किकबॅक नसते.

‘तांबड्या रश्शाला किक आहे’ हे बरोबर इंग्रजी आहे का?

अगदी बरोबर. खाण्यापिण्यातला झणझणीतपणा किंवा तरतरी यासाठी इंग्रजीत किक वापरतात. मराठीत आपल्याकडे ‘झटका’, ‘ठसका’, ‘झणका’ आहेतच. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या अशा ग्राहींना चिकटतं ज्यांचं काम मुळात उष्णता ओळखण्याचं आहे. त्यामुळे रस्सा कोमट असला तरी तोंड भाजल्याची जाणीव होते. कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. म्हणून तांबड्यानंतर पाण्याचा पेला रिचवण्यापेक्षा पांढऱ्या रश्शाचा घोट बरा, त्यातल्या नारळाच्या दुधाने जिभेला आराम पडतो.

दारूच्या नशेला ‘किक बसली’ म्हणतात तेही यातलंच. शिवाय ‘गेट अ किक आउट ऑफ’ म्हणजे एखाद्या गोष्टीतून मनापासून मजा येणं आणि ‘फॉर किक्स’ म्हणजे निव्वळ थरारासाठी. हा दुसरा बहुधा नापसंतीच्या सुरात येतो.

डॉक्टर ‘बाळाच्या किका मोजा’ म्हणाले. कशा मोजायच्या?

इथे किक म्हणजे पोटातल्या बाळाची कोणतीही हालचाल. लाथच असली पाहिजे असं नाही, वळणं, ढुशी देणं हेही त्यात धरतात, फक्त उचकी धरत नाहीत. साधारण १६ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान आईला हालचाल जाणवू लागते, पहिलटकरणीला थोडी उशिरा. मोजण्याची एक रुळलेली रीत अशी : डाव्या कुशीवर निवांत पडायचं आणि १० हालचाली व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं. २ तासांत १० झाल्या नाहीत तर डॉक्टरांना कळवायचं. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी पद्धत सांगितली असेल तर तीच पाळा.

आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा. रोजच्यापेक्षा हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा. ‘दिवस भरत आले की बाळ शांत होतं’ हा समज चुकीचा आहे. हालचालीचा प्रकार बदलतो, पण ती कमी व्हायला नको. घरात सासूबाई, आई काहीही म्हणोत, या एका बाबतीत कुणाचं ऐकून थांबू नका.

‘किक द बकेट’ म्हणजे मरणं. बादलीचा काय संबंध?

हा वाक्प्रचार १७८५ मध्ये फ्रान्सिस ग्रोस यांच्या बोलीभाषेच्या कोशात नोंदलेला आहे. त्याच्या उगमाचं एक स्पष्टीकरण असं देतात की इंग्लंडच्या काही भागांत डुक्कर टांगायच्या आडव्या लाकडालाही ‘बकेट’ म्हणत आणि मरताना जनावराचे पाय त्यावर आपटत. अर्थापेक्षा सूर लक्षात ठेवा. मराठीत ‘गचकला’ म्हणतात त्या जातीचा हा शब्द आहे. सांत्वनाच्या पत्रात किंवा संदेशात कधीही वापरू नका. एका मुलाने सुट्टीच्या अर्जात आजोबांविषयी तो लिहिला होता. बिचाऱ्याला वाटलं, वाक्प्रचार वापरला की गुण वाढतात.

किक इन, किक आउट, किक अप… ही मागची शेपटं कशी लक्षात ठेवायची?

प्रत्येकाला एक मराठी जोडीदार द्या.

‘किक इन’ म्हणजे असर सुरू होणं. गोळी घेतली, अर्ध्या तासाने डोकं उतरलं, तो क्षण. नवा नियम अमलात येतो त्यालाही चालतं. ‘किक आउट’ म्हणजे हाकलणं. नोकरीतून असेल तर ‘नारळ देणे’. ‘किक अप अ फस’ म्हणजे थयथयाट करणं. ‘किक ऑफ’ म्हणजे शुभारंभ, कंपनीतली ‘किक ऑफ मीटिंग’ ती हीच. ‘किक द कॅन डाउन द रोड’ला आपल्याकडे फार सुंदर जोड आहे : भिजत घोंगडं ठेवणे. ‘किक समवन अपस्टेअर्स’ म्हणजे बढती देऊन अडगळीत टाकणं. ‘किक युवरसेल्फ’ला चुटपुट लागणे. ‘अलाइव्ह अँड किकिंग’ म्हणजे ठणठणीत. आणि ‘किक द हॅबिट’ म्हणजे व्यसन सोडणं. तंबाखू, मिसरी, मावा, काहीही.

‘किक द बॉल’ आणि ‘किक अॅट द बॉल’ यातला फरक परीक्षेत हमखास चुकतो. पहिल्यात पाय चेंडूला लागला. दुसऱ्यात चेंडूच्या दिशेने पाय मारला, लागला की नाही ते सांगितलेलं नाही, बहुधा हुकलाच.

मराठीतल्या ‘लाथे’चं इंग्रजी करताना ‘किक’ चालते का?

इथेच सर्वांत जास्त चुका होतात. ‘नोकरीला लाथ मारली’ याचं ‘किक्ड द जॉब’ करू नका, ‘क्विट’ किंवा ‘वॉक्ड आउट’ म्हणा. ‘चालून आलेली संधी लाथाडली’ला ‘टर्न्ड डाउन’. पक्षातल्या ‘लाथाळ्या’ म्हणजे ‘इनफायटिंग’, तिथे पाय कुणी उचलत नाही. ‘पोटावर पाय देणे’ म्हणजे रोजीरोटी हिरावणं, त्यात किक नाहीच. ‘लाथ मारीन तिथं पाणी काढीन’ हा तर आत्मविश्वास आहे, त्याचा शब्दशः तर्जुमा वाचून इंग्रज माणूस नळदुरुस्तीवाल्याला बोलावेल.

‘दुभत्या गाईच्या लाथा गोड’ ही म्हण कशी सांगायची, असं विचारतात. भाषांतर करू नका, प्रसंग सांगा. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर कासंडी धरून धार काढणाऱ्या गवळ्याला लाथाळ म्हशीने एखादी झाडली तरी तो तिच्या पाठीवरून हात फिरवतो, कारण समोर पेले घेऊन गिऱ्हाईक उभं आहे. एवढं साध्या इंग्रजीत सांगितलं की म्हण पोचते.

गेममध्ये ‘किक केलं’ आणि ‘बॅन केलं’ एकच का?

नाही. किक म्हणजे त्या वेळेपुरतं बाहेर काढलं, बहुतेक ठिकाणी परत येता येतं. बॅन म्हणजे दार बंद. पोरगं रडत आलं तर आधी यातलं काय झालंय ते विचारा.

आणि ‘किक ड्रम’?

ड्रम सेटमधला सर्वांत मोठा, जमिनीवर आडवा ठेवलेला ढोल. पायाच्या पेडलने वाजवतात म्हणून किक. डीजेच्या भिंतीसमोर छातीत जी धडधड होते ती बहुतेक त्याच सुरांची असते. गणपतीच्या मिरवणुकीत लहान मुलांना त्या भिंतीपासून लांब ठेवा आणि कानात कापसाऐवजी चांगले इअरप्लग घाला, कापसाने आवाज फारसा अडत नाही.